चार काळ्या वायरी

"मामी, उतरा. सीट उचलायची आहे."

"इथं? भर रस्त्यात?"

"गाडी ओढूनच नाही राहिली. ऐका ना आवाज."

आवाज मी ऐकतच होते. दोन कोस झाले, गाडी खोकत होती. पण गाडी बिघडली हे सुनेच्या आधी आपण म्हणायचं नाही, ही माझी सवय. मी उतरले, मागच्या चाकाला दगड लावला आणि तशीच मागे हौद्यात चढले. ओली पोती बाजूला सारली. खाली चोवीस पिशव्या. प्रत्येक पिशवीत तळाला पाणी, वर नळीने भरलेली हवा, तोंडाला रबर आवळलेलं, आणि पाण्यात बोटाच्या पेराएवढी पोरं. रोहू, कतला, मृगळ. माशाच्या बीजाला आम्ही ढिवराच्या बायका पोरंच म्हणतो.

बीज केंद्रावरचा माणूस सकाळी म्हणाला होता, "दहा तास चालते ही हवा. पण गाडी चालत राहिली तर. पाणी हिंदकळते, हवा पाण्यात मुरते. थांबाल तर दहा तास धरू नका बाई."

सात वाजता हवा भरली होती. आता दहा वाजले होते, आणि आम्ही थांबलो होतो. गाव अजून सत्तर किलोमीटर.

मी एक पिशवी मांडीवर घेतली आणि हलवू लागले. मग दुसरी. तान्ह्या लेकराला हलवावं तशी. तिकडे पुढे माझी सून निरांजना सीट उचलून इंजिनात डोकं घालून बसली होती.

"काय झालं?" मी ओरडले.

"टिकटिक होऊन राहिली. करंट बाहेर पळते."

"मराठीत सांग."

"वायरी गेल्या मामी. प्लगच्या. चारही."

ती मागे आली आणि मला दाखवायला एक वायर घेऊन आली. सुकलेल्या शेपटीसारखी होती. कातडी तडकलेली, जागोजागी माझ्या पोराने चिकटपट्टी गुंडाळलेली. गाडी गॅसवर चालायची, आणि गॅसवर प्लगला करंट जास्त लागतो म्हणे. तेवढा करंट या म्हाताऱ्या वायरींना पेलत नव्हता. मध्येच फुटून बाहेर पडत होता.

"घरून निघताना का नाही पाहिलं?"

"पाहिलं होतं. हिवराज म्हणाले, एक फेरी निघते."

हिवराज म्हणजे माझा मुलगा. गाडी त्याची. पंधरा दिवसांमागे तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, घसरला आणि पाय मोडून घेतला. प्लास्टर मांडीपर्यंत. म्हणून आज गाडीवर सून.

यातलं थोडं सांगायला हवं. त्या वर्षी पिंपळबोडीचा मोठा तलाव पहिल्यांदा आमच्या बायकांच्या संस्थेला मिळाला होता. त्याआधी ठेकेदाराचा होता. तलाव आमच्या सासऱ्या-आजेसासऱ्यांनी राखलेला, आणि आम्ही त्यात रोजाने जाळं ओढणाऱ्या. मासा हातात यायचा, चुलीवर यायचा नाही. तीन वर्षं कचेरीत खेटे घातले तेव्हा तलाव मिळाला. पण करारात एक अट होती. ठरल्या तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत, मत्स्य खात्याच्या साहेबांसमोर बीज सोडायचं. नाही सोडलं तर तलाव पुन्हा ठेकेदाराला. बीज केंद्रात आमचा नंबर लागला तो नेमका त्याच तारखेला.

संस्थेची सचिव कौतिका वलथरे. माझ्याच वयाची, माझ्याच गल्लीतली, आणि जन्मभर माझ्या पुढे जायला धडपडणारी. सभेत ती म्हणाली, "भाड्याचा ड्रायव्हर घेऊ. पोरीच्या जातीवर एवढी जोखीम नको."

मी उठून उभी राहिले. "माझी सून चालवील. फुलवंता नान्हेची सून आहे ती."

खरं सांगते, मला सुनेचा काही भरवसा नव्हता. कौतिका नको म्हणाली, म्हणून मी हो म्हटलं.

"पुढं चौफुलीवर दुकान आहे," निरांजना म्हणाली. "सहा किलोमीटर. जेवढे प्लग पेटतात तेवढ्यांवर रखडत जाऊ."

"अन् नाही पोचलो तर?"

तिने सीट खाली टाकली आणि किल्ली फिरवली.

मी मागेच बसले. गाडी धक्के देत चालली. प्रत्येक धक्क्याला मला वाटे, आता बंद पडते. मग वाटे, बरं आहे, धक्क्याने पाणी तरी हलते.

चौफुलीवरच्या त्या दुकानात खांबापासून छतापर्यंत लोखंड टांगलेलं. गल्ल्यावर लांजेवार शेठ, चष्मा कपाळावर.

"काय पाहिजे जी काकू? रस्ता चुकल्या का?"

"प्लगच्या वायरी."

"अन् गडी माणूस?"

"गडी माणूस घरी पाय वर करून झोपला आहे. वायरी दाखवता का पत्रिका पाहता?"

निरांजनाने गाडीचं नाव, साल, सगळं सांगितलं. शेठने चष्मा खाली घेतला. "कंपनीच्या नाही. सांगतो आजच, उद्या दुपारी नागपुरावरून येतील."

"उद्या दुपारपर्यंत माझी पोरं मरतील."

"कोणाची पोरं?"

"माझी. गाडीत आहेत. लाखभर."

शेठ गल्ल्यावरून उठलाच. बाहेर येऊन पोतं उचलून पाहिलं, आणि बराच वेळ पिशवीकडे बघत उभा राहिला. परत आला तेव्हा थट्टा गेली होती. "कंपनीच्या नाहीत," तो पुन्हा म्हणाला. "बाहेरच्या आहेत. दोन तऱ्हेच्या. पाहा."

एक संच लाल. जाडजूड, चकचकीत, प्लास्टिकच्या पाकिटात, पाकिटावर शर्यतीच्या मोटारीचं चित्र. दुसरा काळा. पाकीट नाही, चित्र नाही, रबराने बांधलेली चार वेटोळी. धूळ बसलेली.

निरांजनाने जुनी वायर लालजवळ धरली. "मापाच्या आहेत मामी. लांबी बरोबर, टोप्या बरोबर. काळ्या फार लांब पडतात. दुसऱ्या गाडीच्या असतील."

"मोठ्या गाडीच्या आहेत," शेठ म्हणाला. "बसतील, पण लोंबतील."

मी लाल वायर हातात घेतली. मला अक्षरओळख दुसरीपर्यंतची. पण दोरा मला कळतो. आठ वर्षांची होते तेव्हापासून जाळं विणते आहे. कोणता दोरा पहिल्या पाण्यात जाईल आणि कोणता चार वर्षं ओढून घेईल, हे मी बोटांनी सांगते. मी लाल वायर दोन बोटांत धरून करकचून मोडली. मोडीवर पांढरी रेघ आली. दाताखाली धरली. कडक. दात उमटला तो तसाच राहिला.

"काकू, हे जाळं नाही जी," शेठ म्हणाला. "यात आत तार असते."

"आत तार आहे हे मलाही दिसते. पण आतलं बाहेर पडलं म्हणूनच आम्ही इथं उभ्या आहोत ना? मग कातडी पाहू नको तर काय चित्रातली मोटार पाहू?"

काळी मोडली. पांढरी पडली नाही. सोडली तशी हळूच सरळ झाली. थुंकी लावून चोळली, दाताखाली धरली. मऊ, आणि दात उमटून मिटला.

"ही."

"मामी, लांब आहेत ना पण," निरांजना म्हणाली. "खाली गरम पाइप आहे. टेकल्या तर जळतील."

"लांब आहेत तर वर बांधू. तडकलेल्याला काय बांधणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं वाद घालते आता. पण तिने काळी वायर घेतली, तशीच मोडून पाहिली, आणि मान हलवली. "बरोबर बोलता तुम्ही. काळ्या द्या."

सुनेने बरोबर म्हटलेलं मला फार आवडलं नाही. मला काय तिची शाबासकी हवी होती?

दुकानासमोरच तिने काम काढलं. एक जुनी काढायची, तिच्याच जागी एक नवी लावायची, मग दुसरी. "चारही एकदम काढल्या तर कोणती कुठली कळणार नाही," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली. मी मागे पिशव्या हलवत होते. चोवीस पिशव्या आणि दोन हात. एकीला हलवते तोवर दुसरीतली पोरं वर येऊन तोंड उघडतात. पाण्याच्या कडेला ओळीने तोंडंच तोंडं.

"झालं का?"

"लावल्या. पण लोंबतात. बाजूच्या सायकलवाल्याकडून ट्यूबचे तुकडे आणते, एकेक वेगळी अडकवते. पाच मिनिटं मामी."

ती पळाली. मी खाली उतरले, पाहिलं. चार काळ्या वायरी गरम पाइपावर झोळीसारख्या लोंबत होत्या. पाच मिनिटं म्हणे! माझ्या कमरेला दोऱ्याचं बंडल कायम असतं. मी चारही वायरी एका मुठीत घेतल्या, गोळा केल्या, वर सीटच्या लोखंडी दांड्याला नेल्या आणि आवळून बांधल्या. सात ठिकाणी. एकीला एक घट्ट लागून, वेणी घातल्यासारख्या. लोंबणं गेलं, पसारा गेला. पाहायलाही छान दिसत होतं.

माझी गाठ म्हणजे माझी गाठ. मी डावखुरी. माझा दोरा उलटा फिरतो, त्यामुळे गाठ ओढाल तेवढी आवळते. गावात कोणाचं जाळं कोणी विणलं हे ओळखू येत नाही, पण माझं ओळखतात.

निरांजना ट्यूबचे तुकडे घेऊन आली तेव्हा मी सीट खाली टाकून वर बसले होते.

"बांधलं मी. चल."

"मला पाहू द्या एकदा."

"पावणेबारा झाले. पाहत बस मग संध्याकाळपर्यंत."

तिने घड्याळ पाहिलं, मागे पिशव्यांकडे पाहिलं. किल्ली फिरवली. इंजिन गोड लागलं. शेठने दुकानातून हात केला.

सपाट रस्त्यावर गाडी छान पळाली. मी पुढे बसून चंची काढली, पान लावलं. कौतिकाचा फोन आला. "कुठं आहे गं? साहेब येऊन बसले. ठेकेदार पण आला आहे, खुर्ची टाकून बसला आहे मोहाच्या झाडाखाली."

"त्याला म्हणावं, खुर्ची परत नेताना मीच मदत करीन."

मग चढ लागला.

अर्ध्या चढावर गाडीने पहिला हिसका दिला. मग फाट्‌ करून आवाज झाला, फटाका फुटावा तसा. पुन्हा हिसका. निरांजनाने गिअर खाली घेतला. अजून एक फाट्‌. मग इंजिनाने मान टाकली.

बाराचं ऊन माथ्यावर. झाड नाही. मी पळत मागे गेले. पोती सुकत आली होती. सातव्या पिशवीत पोरं उलटी झाली होती. पांढरी पोटं वर. मी पिशवी हलवली, जोरात हलवली. दोन-चार वळवळली. बाकीची पाण्याबरोबर नुसती इकडून तिकडे गेली.

माझ्या तोंडाला तेव्हा लगाम राहिला नाही.

"काय लावलं तू? उलट्या लावल्या ना वायरी? मी एवढा सोन्यासारखा माल निवडून दिला आणि तू मातीत घातला!"

"मामी, मी..."

"तुझ्या हाताला यशच नाही. घरात आली त्या दिवसापासून पाहते आहे. माझ्या पोराचा पाय मोडला तोही तुझ्याच पायगुणाने!"

रस्त्याने सायकलवर दोघे जण चालले होते. ते थांबून ऐकत होते. निरांजनाचा चेहरा आधी लाल झाला, मग काहीच झाला नाही. पाटी पुसावी तसा.

"समोर शाळेजवळ हापशी आहे," ती म्हणाली. "बादली घ्या. पोती ओली करायला पाणी आणा."

मी बादली घेऊन गेले. वाटेत रडले, ते कोणी पाहिलं नाही. मला डोळ्यांपुढे तीस बायका दिसत होत्या, पाळीवर उभ्या. पदराला हळद-कुंकू बांधून आलेल्या, पहिलं बीज सोडायला. आणि मोहाखालची ती खुर्ची. तीन वर्षांचे खेटे एका चढावर संपले होते.

पाणी घेऊन परत आले तर इंजिन चालू होतं. गोड, एकसारखं.

"काय होतं?"

"एक टोपी ढिली होती," ती समोर बघत म्हणाली. "मी नीट बसवली नव्हती. माझी चूक."

"मी म्हटलंच होतं."

उरलेला सगळा रस्ता मी मागे होते. उघड्या हौद्यात, गुडघ्यांवर, पिशवीवरून पिशवीकडे. गाडी चढली, उतरली, कुठे अडखळली नाही. पण झालेला वेळ परत येत नव्हता. तीन वाजायच्या आत आणखी एका पिशवीतली पोरं उलटी झाली. मग एकेक करत सात झाल्या. मी त्यांना हलवणं सोडून जिवंत पिशव्यांकडे वळत होते, आणि प्रत्येक वेळी वळताना मला वाटे, मीच ठरवते आहे कोण मरणार.

साडेतीनला तलावाची पाळ दिसली. बायका धावत आल्या. ठेकेदार खुर्चीत ताठ झाला. साहेब लहान वयाचे होते, चष्म्याचे. ते आधी घड्याळाकडे न बघता पिशव्यांकडे आले, ते मला आवडलं.

"लगेच सोडू नका हां. पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगू द्या. तलावाचं पाणी आणि पिशवीचं पाणी एक होऊ द्या."

"आमच्या बापाला शिकवा साहेब," मी म्हटलं. ते हसले.

आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. पिशव्या तरंगत ठेवल्या. चोवीसपैकी सतरा. सात काठावर राहिल्या. अर्ध्या तासाने एकेक तोंड उघडून तिरकी केली आणि पोरं बाहेर आली. आधी घाबरून एका जागी गोळा, मग काळी रेघ, मग काहीच नाही. तलावाने घेतली. साहेबांनी कागदावर लिहिलं, सतरा पिशव्या जिवंत. "पुरेशी आहेत," ते म्हणाले. "अट पूर्ण झाली." तेव्हा साडेचार वाजले होते. काही बायका रडल्या, एकीने ओवाळलं. तलाव आमचा राहिला.

पण त्या सात पिशव्या काठावर पडल्याच होत्या. कौतिकाने एक उचलली. पाण्यात चांदीचा चुरा मिसळावा तशी पोरं तळाला बसली होती.

"हे का झालं जी?" तिचा आवाज फाटला. "एवढं पोटाला चिमटा घेऊन आणलेलं बीज हे."

"गाडी बंद पडली दोनदा," निरांजना म्हणाली. ओली साडी, हात ग्रीसने काळे. "पहिल्या वेळी वायरी खराब होत्या. मामींनी नवीन निवडल्या, म्हणून इथवर पोचलो. दुसऱ्या वेळी माझी चूक. टोपी ढिली राहिली."

"म्हणजे ही सात तुझ्यावर."

"हो."

"ऐका हो," ठेकेदार खुर्चीतून म्हणाला. "बायकांना स्टेअरिंग दिलं म्हणजे असंच. पुढच्या वर्षी सगळीच मारतील. मी वाट पाहतो."

कौतिका बायकांकडे वळली. "मी सभेतच म्हटलं होतं. पुढच्या वेळेपासून गाडीवर माणूस बसेल. हात वर करा."

हात वर होऊ लागले. एक, दोन, पाच. निरांजनाने आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि ते साडीत लपवले.

इथे एक गोष्ट मी गाळली आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

त्या हापशीवरून रस्ता सरळ दिसत होता. मी हापसत होते आणि गाडीचा उघडा दरवाजा माझ्या समोर होता. निरांजनाने सीट उचलली. वाकून पाहिलं. मग पिशव्या फोडायला घेतलेलं ब्लेड तिने काढलं आणि माझ्या गाठी कापू लागली. एक, दोन, तीन. सातही. वायरी हाताने फाकवल्या, एकमेकींपासून दूर केल्या, मध्ये ट्यूबचे तुकडे अडकवले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. किल्ली फिरवली. इंजिन गोड लागलं.

मी हापसायची थांबले होते. मला वायरीतलं काही कळत नाही. पण एवढं कळलं. चार वायरी मी एकीला एक आवळून ठेवल्या, म्हणून एकीचा करंट दुसरीत उडत होता, नको त्या वेळी नको तो प्लग पेटत होता. टोपी कुठलीच ढिली नव्हती. कापलेला दोरा तिने फेकला नाही. सीटखाली खोल सरकवला, मला दिसू नये म्हणून.

मग मी बादली भरली, आवाज करत आले, विचारलं काय होतं. ती म्हणाली माझी चूक. आणि सगळं पाहून, सगळं कळून, मी म्हटलं, मी म्हटलंच होतं.

ते दोरे पाळीवर पोचल्यावर मी सीटखालून काढून घेतले होते. का घेतले? कोणाला सापडू नयेत म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं, उगाच चांगुलपणा सांगत नाही. चंचीत पानाखाली दाबून ठेवले होते.

हात वर होत होते. नऊ. दहा. अर्ध्याला पाच कमी. माझा हात कोणी विचारला नाही. माझी सून, तेव्हा मी गप्प बसले तरी चालणार होतं. तलाव वाचला होता. फुलवंताने दात लावून वायरी निवडल्या, ही गोष्ट गावात वर्षानुवर्षं सांगितली जाणार होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. जन्मात कधी न जमलेलं काम.

मी पाण्यातून वर आले. चंची सोडली. दोरे काढून कौतिकाच्या हातातल्या मेलेल्या पिशवीवर ठेवले.

"ही गाठ कोणाची?"

"आता हे काय मधेच?"

"डोळे आहेत ना? कोणाची?"

तिने एक गाठ उचलून उन्हात धरली. बाकीच्या बायका वाकल्या. ओळखायला वेळ लागला नाही.

"तुझी," कौतिका म्हणाली.

"चौफुलीवर मी बांधली. वायरींवर. ही पाहू द्या म्हणत होती, मी ऐकलं नाही. चढावर गाडी बंद पडली ती या गाठींनी. हिने कापल्या तेव्हा चालू झाली. मी हापशीवरून पाहिलं. तरी हिला रस्त्यात शिव्या दिल्या ते दिल्याच, आणि आता हिच्या नावावर सात पिशव्या चढत होत्या त्याही चढू देत होते. त्या माझ्यावर घे. लिही. साहेब, तुम्हीही लिहा."

साहेब म्हणाले, "मला ते लिहायची जागा नाही बाई कागदात."

कोणी हसलं नाही. कौतिकाने गाठ बोटांत फिरवली. तिच्या डोळ्यांत मला वाटलं होतं तेवढा आनंद नव्हता. तरी ती बोललीच, न बोलून कशी राहील.

"जन्मभर मिरवलं गं. माझी गाठ सुटत नाही म्हणून."

"सुटत नाही," मी म्हटलं. "म्हणून तर कापावी लागली."

वर गेलेले हात खाली आले. कोणी खाली करा म्हटलं नाही, आपोआप आले. ठेकेदाराच्या माणसाने खुर्ची घडी घातली. मी मदत करीन म्हटलं होतं, पण मी मेलेल्या पिशव्या गोळा करायला लागले.

निरांजना माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, रडेल, पायाशी वाकेल, काहीतरी करेल. तिने काही केलं नाही.

"चला मामी," ती म्हणाली. "घरी यांच्या औषधाची वेळ झाली."

गाडीत मी तिच्या शेजारी बसले. गाडी पाळीवरून खाली उतरली. मग मी म्हटलं, "तू कापत होतीस तेव्हाच माझ्यावर का नाही ओरडली?"

"वेळ कुठं होता? पोरं मरून राहिली होती."

"अन् नंतर?"

ती समोर रस्त्याकडे बघत होती. "नंतर तुम्ही म्हणाल्या ना, मी म्हटलंच होतं. मग काय बोलू."

पायगुणाचं मी जे बोलले होते, त्याचं तर दोघींनी नावही काढलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतर चौदा वर्षांत कधीही नाही. ते मी परत घेतलं नाही. घेता येत नाही असंच मला वाटत आलं आहे.

त्या काळ्या वायरी तीन वर्षं चालल्या. गेल्या तेव्हा निरांजना मला चौफुलीवर घेऊन गेली. लांजेवार शेठने चार तऱ्हेच्या काढून ठेवल्या, कंपनीच्याही होत्या.

"काकू, दात आहेत ना अजून?"

"तुला चावायपुरते आहेत."

मी एकेक मोडली, चोळली, दाताखाली धरली, आणि एक संच निवडून सुनेच्या हातात दिला. मग दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले, हात मांडीवर ठेवून. समोर तिने सीट उचलली. कमरेला दोऱ्याचं बंडल होतं. त्याला मी हात लावला नाही.